समोरून वाचणारी बखीताखाला

मला अरबी वाचायला ज्या बाईने शिकवलं, तिला माझ्या हातातलं पुस्तक माझ्यापेक्षा चांगलं वाचता यायचं आणि स्वतःच्या हातातलं पुस्तक अजिबात वाचता यायचं नाही. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर टाकते आणि मग सावकाश पाणी पिते. पाहुण्यांचा घास ताटावर थांबतो. नवरा छताकडे बघायला लागतो, कारण त्याने हे इतक्या वेळा ऐकलंय की मी मेले तर उरलेलं तो पूर्ण करील. माझी लेक म्हणते, "मॉम, दॅट्स नॉट पॉसिबल." मी म्हणते, बाळा, तू बस. तुझी आई शपथेवर सांगते आहे, आणि जिथे थोडं मीठ-मसाला घालते तिथे चेहऱ्यावरून कळेलच.

आम्ही तेव्हा कुवेतच्या दस्मान भागात राहायचो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. तीन मजली जुनी इमारत, सहा बिऱ्हाडं, त्यातली चार रत्नागिरीकडची. त्यामुळे जिन्यात पाऊल टाकलं की कुवेत संपायचं आणि सुक्या बांगड्याचा वास सुरू व्हायचा. अब्बा बाजारात दिशदाशा, म्हणजे अरबांचे पायघोळ पांढरे झगे, शिवणाऱ्या दुकानात कापड कापायचं काम करायचे. त्यांच्या शर्टाला कायम पांढरे दोरे चिकटलेले असत आणि अम्मी बोलता बोलता ते वेचत असे, अगदी भांडतानासुद्धा. सकाळी तिच्या हातांचा तांदळाच्या भाकरीवरचा थपथप आवाज, खिडकीतल्या एसीची घरघर, खाली गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत जाणार, आणि या सगळ्याच्या वरून तिसऱ्या मजल्यावरच्या हाजीकाकांचा खोकला. माझं नाव जुबैदा. इथे पापलेटाला जुबैदी म्हणतात. हा योग कुणाच्या लक्षात आला नसता तर बरं झालं असतं, पण तळमजल्यावरच्या बखीताखालाच्या आला आणि सगळ्या गल्लीने मला मासळी करून टाकलं.

बखीताखाला आमच्या इमारतीची नव्हतीच, खरं तर इमारत तिची होती असं आम्हा पोरांना वाटायचं, कारण ती आमच्या सगळ्यांच्या आधीपासून तिथे होती. उंच, काळीभोर, हसली की खांदे हलायचे. तिची आजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून आणलेली. तिची आई एका मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात गुलाम म्हणून जन्मली आणि तीही त्याच घरात. हे ती लपवत नसे आणि मिरवतही नसे. आपण जसं 'आमचं मूळ गाव दाभोळ' म्हणतो तसं सांगायची. व्यापाऱ्याच्या घरी मुंबईचे दलाल यायचे, त्यामुळे तिला हिंदी यायची. ती हिंदी म्हणजे अरबीला घातलेलं ठिगळ होतं, पण अम्मीच्या हिंदीलाही कोकणीचं ठिगळ असल्याने दोघींचं एकमेकींशी इतकं जमायचं की दुपारी दोन इस्तिकान, म्हणजे दोन इवले काचेचे पेले, चहात सगळं जग निकालात निघायचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पण दुपारची नमाज झाली की आमच्या इमारतीतली आणि शेजारची मिळून अकरा पोरं तिच्या खोलीत कुराण शिकायला जमायची, आणि ती अकरा तिचीच होती.

तिची शाळा डोळ्यांपुढे आणा. लांब खोली, भिंतीला टेकून आम्ही ओळीने बसलेलो. प्रत्येकासमोर लाकडी रेहाल, म्हणजे पुस्तक ठेवायची ती कातरीसारखी घडी, आणि तिच्यावर अलिफ-बेचं पुस्तक किंवा थोरल्या पोरांचं कुराण. खाला एका बुटक्या पाटावर, आमच्या समोर. एकाचं झालं की पाट सरकवून दुसऱ्याच्या समोर. हातात छडी नाही. शेजारी वाटीत खजुराच्या बिया. चुकलात की बी कपाळावर, आणि नेम असा की गल्लीतल्या मांजरींनीसुद्धा ती खोली टाकली होती. शेवटी मात्र दर आठवड्याला वेलदोडा घालून उकडलेले हरभरे मिळायचे, आणि माझी धर्मनिष्ठा त्या हरभऱ्यांवर उभी होती हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

माझी धाकटी बहीण रुकी तेव्हा पाच वर्षांची. ओळीत बसवली की रडायची. म्हणून खालाने तिला मांडीवर घेतलं आणि तिथूनच ती शिकली. खाला माझ्यासमोर आली की रुकीही माझ्यासमोर. माझ्या पुस्तकावर खालाचं बोट फिरायचं आणि त्याच्यामागून रुकीचं. वर्षभरात ती इतकं भराभरा वाचायला लागली की अम्मीने शेवयांची खीर केली आणि रुकीचं अलिफ-बे पुरं झालं म्हणून हाजीकाकांना ऐकायला बोलावलं.

हाजीकाकांची ओळख करून देते. शहराबाहेर अम्गऱ्याला भंगाराचं यार्ड, दोनदा हज, आणि चार घरांचा कारभार. कुणाची मुलगी कुठे द्यायची, देवगडचे आंबे कुणाकडून मागवायचे, कुणाच्या पोराने कुठल्या बापाचं नाव घालवलं, हे सगळं त्यांच्याकडून ठरून यायचं. आवाज असा की जिन्यात सलाम केला तर तिसऱ्या गल्लीतून उत्तर यावं. ते गादीवर बसले, टोपी सारखी केली, रुकीच्या पुढ्यात रेहाल सरकवला आणि म्हणाले, वाच गो बाय.

रुकीने पुस्तकाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, ते उचललं, फिरवलं, उलटं ठेवलं आणि पहिल्या पानापासून न अडखळता धडाधड वाचायला लागली.

खिरीची वाटी अम्मीच्या हातात तशीच राहिली. अब्बांनी पुस्तक सरळ केलं. रुकीने पुन्हा फिरवलं. अब्बांनी पुन्हा सरळ केलं, आता जरा जोरात, आणि रुकीने इतक्या दयेने त्यांच्याकडे पाहिलं की जणू बाप निरक्षर निघाला होता. हाजीकाकांचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा झाला. पवित्र अक्षरं डोक्यावर उभी केली म्हणजे काय! त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. रुकीने सांगितलं, खालाने. आणि खरं बोलण्याचे परिणाम काय होतात हे आमच्या घराला त्या संध्याकाळी कळलं.

"पोरीला उलटं शिकवलंन," हाजीकाका म्हणाले. "बाईला स्वतःला तरी वाचता येतं का, विचारलंत कधी? का नुसतं ऐकून पाठ केलंन?" कुणी विचारलं नव्हतं. झालं. ठरलं असं की जुम्म्याच्या नमाजीनंतर आमच्याच हॉलमध्ये चारही घरं जमतील आणि बखीताबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. वाचलं तर ठीक. नाही तर शनिवारपासून अकराही पोरं व्हॅनने एका मौलवीसाहेबांकडे जातील. त्या मौलवींना हाजीकाकांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या छडीची कीर्ती आमच्यापर्यंत आली होती.

मी दहा वर्षांची होते आणि खालाच्या मांडीवरच्या रुकीच्या जागेचा हिशेब मला तासाभरात सुटला. रुकी खालाच्या बाजूने बघत होती म्हणून उलटी शिकली, हे तर सरळ होतं. पण मग खाला कुठल्या बाजूने बघत होती? मी आठवून आठवून पाहिलं. पुस्तक स्वतःकडे तोंड करून धरलेली खाला मला आठवेना. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तिच्याकडे गेले आणि आडपडदा न ठेवता विचारलं. ती हरभरे निवडत होती. तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, ये जुबैदी, बस, आणि मी जे ऐकलं ते इतकी वर्षं माझ्याजवळ आहे.

एक दिवस तिच्या आईला सुटकेचा कागद मिळाला. शिक्का मारलेला कागद, की ही बाई आणि हिची पोर आता कुणाच्या मालकीची नाही. आईने तो पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चुलीपाशी जाऊन बसली, कारण दुसरी चूल होती कुठे? पण एक गोष्ट बदलली. घरच्या बाईसाहेब म्हणाल्या, आता तुझ्या पोरीलाही आमच्या नूराबरोबर मुतव्वाकडे पाठव. मुतव्वा म्हणजे आपल्या ओसरीत पोरींना कुराण शिकवणारी बाई. बखीता तिथे आधीही जायची, पण नूराला वारा घालायला. त्या दिवशी आईने तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं आणि सांगितलं, आज तू शिकायला चाललीस. ती गेली. मुतव्वा म्हणाली, बस. आणि ती बसली ती नेहमीच्या जागी, नूराच्या समोर, पाटीच्या पलीकडे. कुणी सांगितलं नव्हतं. पायांना तीच जागा माहीत होती. तिला वेगळी पाटी द्यावी हे कुणाच्या मनात आलं नाही आणि मागावी हे तिच्या मनात आलं नाही. एका हाताने पंखा चालू आणि डोळे नूराच्या पाटीवर. महिन्याभरात ती नूराच्या पुढे गेली. नूरा अडली की ही नुसते ओठ हलवायची, नूरा पाटी सोडून हिच्या ओठांकडे बघायची, आणि शाबासकी नूराला. हे सांगताना खालाचे खांदे हलायला लागले. दोघी मैत्रिणी होत्या, म्हणाली. चोरी अर्धी अर्धी.

मग सरकारी शाळा. सुटका झालेल्यांच्या पोरींनाही घेत होते. नवा झगा, नवी पिशवी आणि हातात पहिल्यांदाच स्वतःचं पुस्तक. त्याचा वास अजून येतो म्हणाली. बाईंनी वाचायला उभं केलं. तिने पुस्तक उघडलं, बघितलं, फिरवलं, आणि एकही चूक न करता पान वाचलं. पण वाचलेलं कुणी ऐकलंच नाही. सगळा वर्ग पुस्तकाकडे बघून हसत होता. बाई म्हणाल्या, सरळ धरता येईल तेव्हा वाच. तिने आठवडाभर धरून पाहिलं. ओळखीची सगळी माणसं डोक्यावर उभी राहावीत तशी अक्षरं दिसायची. आणि पोरी म्हणायच्या, बघा, हिला अजून समोरच बसायचंय. नवव्या दिवशी ती आईपाशी चुलीजवळ जाऊन बसली.

"जुम्म्याला मी येईन," खाला मला म्हणाली. "पण कागद माझ्यापुढे ठेवला ना, तर मी परत त्या वर्गात उभी राहीन. आणि शनिवारी खोली रिकामी."

मी तिला म्हटलं, खाला, कागद तुझ्यापुढे येणारच नाही. ते माझ्यावर सोड.

इथे मी पाणी पिते.

जुम्म्याला आमचा हॉल भरला. बाया आतल्या दाराशी, बाप्ये भिंतीला, पोरं मिळेल तिथे. मी सकाळपासून इतकी गुणी झाले होते की अम्मीने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. गादी मीच घातली. रेहाल मीच ठेवला. हाजीकाका बसले आणि रेहाल पलीकडे, खालाच्या जागेकडे वळवायला लागले, तेव्हा मी पुढे होऊन, डोळे खाली घालून म्हटलं की काका, चूक तुम्ही पकडायची, मग पुस्तक तुमच्याकडे तोंड करून नको का? मी असं म्हणताच त्यांचा हात थांबला. चारही घरांकडे त्यांनी नजर टाकली. आपल्याशिवाय चूक पकडणारा इथे कुणी नाही, हे त्यांना माझ्या तोंडून फार आवडलं. पोरीला अक्कल आहे, म्हणाले. रेहाल तसाच राहिला.

खाला आली. काळा अबाया, डोळ्यांत काजळ, जणू लग्नाला. ती हाजीकाकांच्या समोर बसली. त्यांनी मधूनच कुठलं तरी पान उघडलं आणि ती वाचू लागली. मला त्या वेळी एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, पण हॉलमधला एसीसुद्धा दबकून चालतोय असं वाटत होतं. हाजीकाका ओळीवरून बोट फिरवत होते. चौथ्या ओळीला बोट अडखळलं, मागे गेलं, खाली घसरलं. खालाने न थांबता स्वतःचं बोट पुढे करून त्यांचं बोट अलगद योग्य शब्दावर आणून ठेवलं, जशी ती आमची ठेवायची. दाराशी कुणीतरी पदरात हसलं.

"पाठ असंल," हाजीकाका म्हणाले. पण आवाज उतरला होता. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक सरकारी कागद काढला, अरबीत छापलेला, कुणालाच पाठ असणं शक्य नाही असा, आणि तो रेहालवर, स्वतःकडे तोंड करून, उलगडून ठेवला. आता हे वाचा, बाई.

खालाने वाचलं. काय लिहिलंय, हाजीकाकांनी विचारलं, कारण तो कागद आठवडाभर खिशात घेऊन ते फिरत होते आणि त्यांना स्वतःला तो वाचता आलेला नव्हता. खालाने अम्मीकडे पाहिलं, मग सावकाश आपल्या हिंदीत सांगितलं की गाडीचा परवाना मिळणार नाही. डोळ्यांच्या तपासणीत नापास. चष्मा करून पुन्हा या.

गेला महिनाभर हाजीकाका सगळ्यांना सांगत होते की परवाना तयार आहे, खिडकीवरचा कारकून मुद्दाम बुक्रा बुक्रा, उद्या उद्या, करतोय. सगळ्यांत आधी हाजीकाकूच हसल्या, आणि एकदा त्या हसल्या म्हटल्यावर इतरांना परवानगी मिळाली.

हाजीकाकांनी कागदाची घडी घातली. ते चिडले असते तर मला आवडलं असतं, पण ते न्यायी माणूस होते. म्हणाले, बाईला वाचता येतं, माझा शब्द खोटा पडला. मी मनातल्या मनात टाळ्या घेत होते. आणि तेवढ्यात ते रुकीकडे वळले. "म्हणजे दोष हिचाच. हिचंच डोकं उलटं. हिला चार दिवस कोपऱ्यात बसवा, सरळ होईल."

रुकीचा खालचा ओठ पुढे आला. मी माझ्या नाटकात सगळ्यांना जागा दिली होती, फक्त हिला द्यायची विसरले होते. मला बोलायचं होतं, पण बोलले तर खालाचं गुपित फुटतं आणि न बोलले तर रुकी कोपऱ्यात. मी खालाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, म्हणजे राहू दे, तुझं काम झालं.

"पोरीचं डोकं सरळ आहे," ती म्हणाली. "ती माझ्या मांडीवर शिकली. उलटी मी आहे. तो कागद माझ्याकडे फिरवा."

हाजीकाकांनी कागद पुन्हा उलगडला आणि तिच्याकडे तोंड करून ठेवला. तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, एक अक्षर येत नाही. आणि तिने पाटीच्या पलीकडच्या जागेचं, पंख्याचं, नूराचं, त्या नवव्या दिवसाचं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात, कुणाकडेही न बघता. आता हसा, असं ती म्हणाली नाही, पण थांबली मात्र त्यासाठीच.

हसलं कुणीच नाही. अब्बा उठले, सुक्या मासळीवर गुंडाळून आलेला जुन्या मराठी पेपरचा तुकडा घेऊन आले, तो जमिनीवर ठेवला आणि पलीकडून वाचायला बसले. भर सभेत माझा बाप, बाजारातला नावाजलेला कापणारा, 'रत्नागिरी'वर तीनदा आपटला. मग मधल्या मजल्यावरच्या शब्बीरचाचांनी करून पाहिलं. मग बाया आल्या. पाच मिनिटांत चारही घरं जमिनीवर ओणवी, उलट्या बातम्यांवर डोकी फोडत होती आणि रुकी मधोमध उभी राहून प्रत्येकाच्या चुका काढत होती, मराठी तिला कुठल्याच बाजूने येत नसताना. आता सगळे हसत होते, खालाही.

हाजीकाका तेवढे गादीवरच होते. ते एका बाजूला सरकले. गादीवर त्यांच्या शेजारी आजवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बाई, इकडे या. ह्या बाजूला बसा. उशिरा तर उशिरा."

खालाने त्या जागेकडे पाहिलं. तिला ती हवी होती, हे मला आजही खात्रीने वाटतं. पण मग ती म्हणाली, "नको, हाजी. तिथून नुसतं पुस्तक दिसतं. इथून पोराचं तोंड दिसतं. तोंड दिसलं नाही तर पोर कुठे अडलं ते मला कळणार कसं?"

माझ्या लेकीला मी पहिला धडा जेवणाच्या टेबलावर दिला तेव्हा तिच्या शेजारी बसले होते. दोन दिवस नुसती खेकसत होते. तिसऱ्या दिवशी उठून समोर जाऊन बसले. मला उलटं काही वाचता येत नाही, पण पोर कुठे अडतंय ते दिसायला लागलं.

शनिवारी व्हॅन आली नाही. आम्ही अकरा जण ओळीने बसलो होतो आणि दारात हाजीकाका उभे, दोन्ही हातांना दोन नाती. त्यांना आजवर ते स्वतः घरी शिकवत असत. खालाने नातींना ओळीच्या शेवटी बसवलं. हाजीकाका दारातच घुटमळले. आपण नुसतेच पोचवायला आलोय असं दाखवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. खालाने एक रेहाल उलगडून ओळीच्या टोकाला ठेवला. मग त्यांनी चपला काढल्या, गुडघे मोडत आमच्या रांगेत बसले, आणि खालाने पाट सरकवत सरकवत थेट त्यांच्यासमोर आणला. चष्मा अजून व्हायचा होता, त्यामुळे ते जवळजवळ पुस्तकात शिरूनच वाचायला लागले, आणि आम्ही अकरा जण आपापली पुस्तकं सोडून त्यांचं तोंड बघत बसलो.